धैवतावरून निषादावर : क्लॅरिनेट वर्गाचा चौथा महिना

सोलापुरातील आमच्या घरगुती वर्गाला चार महिने पूर्ण झाले. सध्या पाच मुले आणि तीन प्रौढ शिकत आहेत. मध्य सप्तकातील धैवतावरून शुद्ध निषादावर जाताना सूर फुटतो, ही मागील नोंदीतील अडचण अजून पूर्णपणे सुटलेली नाही.

आपल्याकडचे कान सनई आणि सुंदरीवर (सनईसारखेच, पण लहान वाद्य) घडलेले. त्या वाद्यांची नळी निमुळती असल्यामुळे फुंकेचा जोर वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटची नळी मात्र बहुतांशी एकसारख्या व्यासाची आणि माउथपीसच्या बाजूने बंद, त्यामुळे डाव्या अंगठ्याने रजिस्टरची (वरचे सूर काढण्याची) चावी दाबली की षड्जाच्या बोटांवर षड्ज नव्हे, तार सप्तकातला पंचम वाजतो. (षड्ज म्हणजे बी-फ्लॅट क्लॅरिनेटवरचा लिखित सी, पेटीवर काळी पाच.) परिणामी धैवत एका चावीवर वाजतो आणि पुढच्याच निषादाला सगळी भोके, करंगळीची चावी व रजिस्टर एकाच क्षणी लागते. उपाय जुनाच आहे : धैवत वाजत असतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटे भोकांवर ठेवून द्यावीत. सूर फारसा हलत नाही, उलट थोडा भरदारच होतो.

दहा वर्षांच्या एका मुलीचा निषाद तरीही किंचाळत असे. वाजवून झाल्यावर मी तिला उजव्या अनामिकेचे पेर दाखवायला सांगितले, तर भोकाच्या कडेचा वळ अर्धाच उमटलेला होता, म्हणजे भोक पूर्ण झाकले जात नव्हते. आता मुले स्वतःच एकमेकांचे वळ तपासतात.

प्रौढांची बोटे पोहोचतात, पण ओठ घट्ट आवळले जातात. एका निवृत्त गृहस्थांनी आवाज मोठा यावा म्हणून परस्पर तीन नंबरची, म्हणजे अधिक कडक, रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) आणली आणि आठवडाभर नुसती हवाच ऐकवली. दोन नंबरवर परतल्यावर त्यांचा निषाद मुलांच्या आधी लागला. येथील कोरड्या उन्हाळ्यात रीडचे टोक लाटेसारखे वळते, म्हणून डबीत झाकून ठेवण्याची सक्ती केली आहे. माझ्या लाकडी वाद्याला गतवर्षी वरच्या भागात तडा गेल्यापासून वर्गात प्लास्टिकचीच वाद्ये आहेत.

पुढे भूप राग घ्यायचा आहे. त्यात निषाद नसला तरी धैवतावरून तार षड्जाला जाताना तोच सांधा आडवा येतो, म्हणून पहिले पंधरा दिवस मंद्र गंधार, जो या वाद्याचा सर्वांत खालचा सूर आहे, तेथून मध्य पंचमापर्यंतच बढत (रागाचा हळूहळू विस्तार) करणार आहोत.