तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ परत का नाही लावला?

"अगं गाणं पारंपरिक, कायदा तुझ्या बाजूने, मग भांडली का नाहीस?" मोठ्या मायच्या लोकगीताचा मी टाकलेला व्हिडिओ एका म्युझिक कंपनीच्या दाव्यावरून साइटवरून उडाला, तेव्हापासून पारोळ्यात कुणाचं लग्न असो की धुळ्याचा स्टँड, ओळखीचं माणूस भेटलं की हेच. विचारणारे बहुतेक माझ्याच बाजूचे असतात म्हणून जास्त लागतं.

कायदा माझ्या बाजूने आहे हे मला माहितीये. लोकगीत कुणा एकाचं नसतं, कंपनीने कीबोर्ड-ढोलकी चढवून जे रेकॉर्डिंग केलं तेवढंच तिचं. उलट 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 38 गाणाऱ्याचाही हक्क मानतं, म्हणजे मोठ्या मायचा. हे सगळं पाठ आहे हो.

श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती, रोट झाले, रात्री बायका गायला बसल्या आणि मी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून मोठ्या मायचं गाणं घेतलं. भांड्यांचा आवाज, मधेच कुणाचं तरी पोर रडतंय, सगळं आलंय त्यात. साइटवर टाकलं तर चाल जुळते म्हणून कंपनीचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला. मी हरकत घेतली, तर ती तपासायला गेली त्याच कंपनीकडे, म्हणजे ज्याने आळ घेतला तोच पंच! त्यांनी फेटाळली, मी परत अपील केलं, मग व्हिडिओच उडाला आणि चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका. आता उरला शेवटचा फॉर्म. तो अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यावर चालतो. नाव, पत्ता, फोन द्यायचा, तो तक्रारदाराला जातो, शपथेवर लिहायचं की व्हिडिओ चुकून काढला गेलाय, आणि तुम्ही अमेरिकेबाहेर राहत असाल तर ती साइट जिथे सापडेल तिथल्या अमेरिकन फेडरल कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे असंही लिहून द्यायचं. पारोळ्यात बसून! मोठी माय शेजारी शेंगा सोलत होती, म्हणाली काय वाचतेस एवढं. मी जमेल तसं सांगितलं, कोर्ट, शपथ, तक्रार. तिने शेंगा खाली ठेवल्या. "मंग मी काय चोर शे?"

मी फॉर्म बंद केला. समन्स आलं असतं तर त्याच घरी आलं असतं.

वकिलाने आपल्याच कॉपीराइट कायद्याचं कलम 52 दाखवलं, तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत दिसू शकतो. छान. साइटला तेच लिहिलं, उत्तरात तोच अमेरिकन फॉर्म आला. आणि कंपनीला केस करायचीच असेल तर कलम 62 प्रमाणे ती स्वतःच्या ऑफिसच्या गावी करू शकते, म्हणजे तारखांना मुंबई.

आधीची मी म्हणाली असती, असं सगळेच गप्प बसले तर कंपन्यांना रान मोकळं. तिचं खोटं नाही. पण तिच्यासमोर मोठी माय बसलेली नव्हती.

आणि खरं सांगू, जिंकले असते तरी जे खटकतं ते तसंच राहिलं असतं. कंपनीने ते गाणं घेतलं यात कायद्याने काहीच चूक नाही. कुणाचंच नाही ना ते, मग कुणालाही विचारायचं नाही, गावाचं नाव द्यायचं नाही, बायकांचं तर नाहीच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, वांग्याचं गाव कायद्याला कळतं, गाण्याचं कळत नाही. पण मग ते कुणाच्या नावावर करायचं? आमच्या? शेजारच्या गावात हीच चाल गातात, त्यांनी काय करायचं? मला नाही सुचत.

म्हणून परत विचारणार असाल तर एवढंच सांगा, मुंबईच्या तारखांना माझ्याबरोबर कोण येणार आणि मोठ्या मायला काय सांगायचं. तेवढं सांगा, फॉर्म मी आजच भरते.