पाकिटातच राहिलेले पिकअप

मी वाद्यं दुरुस्त करतो, आणि माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक निदान आणि औषध दोन्ही बरोबर घेऊनच येतं. मी फक्त टाके घालायचे. जुलैत आलेला हा कॉलेजचा मुलगाही तसाच. पाठीवर गिटार, हातात कुरिअरचं पाकीट आणि पाकिटात बाहेरून मागवलेला तीन पिकअपचा संच. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारं, तारेची थरथर पकडून अँपकडे पाठवणारं चुंबक आणि कॉइल. संचाची किंमत जवळपास गिटारीएवढीच. शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे होते, हे त्याच्या वडिलांनी सांगितलं. तेही सोबत आले होते, बेस्टमध्ये वायरमन.

"काका, एवढे बसवून द्या. आवाज फार चिरका येतो. आणि सुरात राहत नाही."

चिरका आवाज पिकअपमुळे असू शकतो. पण सुरात न राहण्याचा पिकअपशी काय संबंध? हे मी विचारलं नाही. व्हिडिओ बघून आलेल्या माणसाशी पहिल्या पाच मिनिटांत वाद घालायचा नाही, हा धंद्यातला अनुभव.

लालबागला माझा गाळा आहे. गणपतीच्या आधी इथे बेंजोचीच कामं जास्त असतात. बाहेरच्यांना सांगायला हवं, आपला मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगच, फक्त पिकअप लावून भोंग्यांवर वाजवलेला. त्याला टोन वगैरे लाड नसतात. ढोल-ताशा कापून वर आला पाहिजे, बस. गिटारवाले मात्र टोनसाठी जीव टाकतात, आणि टोन कुठून येतो हे सोडून बाकी सगळं त्यांना ठाऊक असतं.

गिटार नवशिक्यांसाठीची, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, या गिटारीच्या घाटाची. बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. आलेलं वाद्य आधी आहे तसं वाजवायचं ही माझी पद्धत. अँपला लावलं तर घूंऽऽ सुरू. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप गुणगुणणारच, त्यात माझ्या गाळ्यात जुना चोकवाला ट्यूबलाइट. पण तारांना हात लावला की ती गुणगुण कमी व्हायला हवी. इथे उलट जरा वाढली. म्हणजे तारांची अर्थिंगची वायर तुटलेली. मागचं झाकण उघडलं. स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात तिला अर्थची वायर लावलेली होती, बोटाने ढकलली तर हातात आली.

वडील वाकून बघत होते. "हा काय डाख आहे? थुंकी लावलीय नुसती. लोखंड तापलंच नाही तर धरणार कसा?"

अगदी बरोबर. ती पट्टी जाड असते, सगळी उष्णता पिऊन टाकते. पंचवीस वॅटचं आयर्न तिथे काही कामाचं नाही. आधी कानस मारून चकचकीत करायची, फ्लक्स लावायचा, साठ वॅटचं आयर्न टेकवून थांबायचं आणि मग शिसं सोडायचं. कारखान्यात थांबायला वेळ कोणाला?

मी त्यांना विचारलं, घरी अँप कुठे लावता? तीन पिनचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकाला वायरच नाही, चाळीत पहिल्यापासून. वायरमनच्या घरी हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वतःच हसले, पण चेहरा जरा उतरला. अँपला अर्थिंग नसेल तर गुणगुण सोडाच, तारा हातात धरून बसलेल्या माणसाला शॉक बसू शकतो. ते म्हणाले, रविवारी ओढतो वायर. ओढली, हे नंतर कळलं.

गिटार ठेवून घेतली. पिकअपचं पाकीट कपाटावर टाकलं, कारण आधी गिटार सरळ करायची, मग ऐकायचं, आणि मगच काय बदलायचं ते बदलायचं. हा क्रम मी कोणासाठी मोडत नाही.

नेकपासून, म्हणजे गिटारीच्या मानेपासून सुरुवात केली. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि मान जराशी पुढे वाकते. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, किती फट राहते ते बघायचं. पाव मिलिमीटर ठीक. इथे तिप्पट तरी होती. मानेच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, थोडी थोडी आवळली.

मग नट. तारा जिथून खुंट्यांकडे जातात ती छोटी पट्टी. सगळं दुखणं इथे होतं. पोकळ प्लॅस्टिकचा नट, खाचा उथळ. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटच्या वर कागद जाईल एवढीच जागा हवी. इथे व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं. तार इतकी उंच असली की साधा एफ धरतानाही ती ताणली जाते आणि स्वर चढतो. पोरगा बिचारा खुंट्या पिळत बसायचा, मोकळ्या तारा जुळल्या की कॉर्ड बेसूर, कॉर्ड जुळवली की मोकळ्या तारा बेसूर. त्यात जी ची तार खाचेत अडकत होती. खुंटी फिरवली की 'टिक' असा आवाज येऊन एकदम उडी मारायची. बेंड घेतला, म्हणजे तार बोटाने आडवी ताणली, की परत जागेवर यायची नाही.

हाडाचा तुकडा घेऊन नवीन नट केला. हे काम मला मनापासून आवडतं. हाड घासताना दातांच्या दवाखान्यात येतो तसाच वास गाळ्यात पसरतो, शेजारचा शिंपी खिडकी लावून घेतो. प्रत्येक तारेची खाच तिच्याच जाडीच्या कानशीने. तळ खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे तार नेमकी फ्रेटबोर्डच्या कडेवर टेकते, मागे कुठेतरी नाही, नाहीतर ती सतारीसारखी झणझणते. दोन घास मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा दोन घास. एक घास जास्त झाला की तुकडा फुकट. या कानशींच्या संचाला मी किती पैसे मोजलेत ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पाटी, काढली तर खाली नेहमीची कहाणी. व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालची पोटं (पोटेंशिओमीटर) नखाएवढी, त्यांवर बी ५०० के. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला २५० किलोओहमचं पोट लागतं. ५०० लावलं की वरचे स्वर मोकाट सुटतात, आणि मुलगा ज्याला चिरका म्हणत होता त्यातला बराच भाग हाच. शिवाय बी म्हणजे लीनिअर, व्हॉल्यूम कमी करायला गेलं की बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी एकदम बसतो. लॅमिंग्टन रोडवरून २५० ची ए टेपरची, म्हणजे कानाला आवाज सारखा उतरतोय असं वाटेल अशी, तीन पोटं आणली. मोठ्या पोटांचा दांडा जाड, म्हणून पिकगार्डची भोकं रीमरने वाढवावी लागली. जुने नॉब बसेनात, दांड्याचे दातच वेगळे. तेही आणले. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. टोन खाली केला की आवाज चिखलात. तिथे २२३, म्हणजे ०.०२२ चा टाकला. एका वडापावच्या पैशात असे मूठभर येतात. याच्यासाठी हजार-दोन हजार मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. टोन पूर्ण उघडा असताना त्या कपॅसिटरचा आवाजावर नावापुरताच परिणाम असतो, पण त्यांना सांगणार कोण?

तांब्याची टेप मुलाने स्वतःच आतून लावून ठेवली होती, सुबक. कौतुक वाटलं. पण टेपने थांबते ती खरखर, वायरिंगने हवेतून पकडलेली. कॉइल जी ५० हर्ट्झची चुंबकी गुणगुण पकडते तिला पातळ तांबं अडवू शकत नाही. व्हिडिओवाले एवढं एक वाक्य कधी बोलत नाहीत.

शेवटी पिकअपची उंची. तिन्ही जवळजवळ तारांना चिकटवलेले, कारण जवळ म्हणजे जोरात. जोरात खरं, पण कर्कश. खाली घेतले. पुलावरच्या सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, सरकवून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेशी जुळवला. पिकअप तेच, जुने.

मुलगा सांगितलेल्या दिवसाच्या आधीच आला. मी एका बेंजोवर होतो, म्हटलं, लावून बघ तोवर. त्याने लावली. ई, मग एफ, मग जी च्या तारेवर मोठा बेंड, आणि पुन्हा कॉर्ड. सुरात. थांबून माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाजवलं. व्हॉल्यूम जरा कमी केला तर आवाज कसा गोल झाला ते बघून हसला.

"काका, पिकअपने किती फरक पडतो बघा! पैसे वसूल."

मी कपाटाकडे बोट दाखवलं. पाकीट तिथेच, कुरिअरचं सील तसंच.

आनंद होईल असं मला वाटलं होतं. पाकीट परत जाईल, पैसे वाचतील. पोराचा चेहरा पडला. गिटार मांडीवर घेऊन गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे ती आधीपासून चांगली होती?" हे वाक्य मला अजून नीट उलगडत नाही. वर्षभर स्वतःच्या बोटांना दोष देत बसला होता, त्याचा राग? की ज्या वस्तूसाठी शिकवण्या घेतल्या ती लागलीच नाही, याचं वाईट? मी न सांगता पाकीट फोडून पिकअप बसवले असते तर तो खूश होऊन गेला असता, मजुरीही जास्त मिळाली असती. बरेच कारागीर तेच करतात, आणि गिऱ्हाईकही त्यांच्यावरच खूश असतं. पार्टला पैसे मोजताना कोणी कुरकुरत नाही. नटची मजुरी सांगितली की "एवढ्याशा तुकड्याचे?"

तो म्हणाला, तरी बसवा.

बसवले. आणि इथे माझंही तोंड गप्प झालं, कारण एका ठिकाणी ते खरंच कामाचे निघाले. जुन्या पिकअपवर होकायंत्र धरलं तर तिन्हीवर सुई एकाच बाजूला फिरत होती. नव्या संचात मधल्या पिकअपचं चुंबक उलटं आणि वळणंही उलटी. त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या पाच जागांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र लागले की एकाची गुणगुण दुसरा मारतो. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता. वाजवणारे तो मधेच अडकवून ठेवायचे, पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. त्या मधल्या जागांचा तो खास पिचका आवाज ट्यूबलाइटखालीही शांत पार्श्वभूमीवर ऐकू आला. बाकी तीन जागी? फरक होता. सिरॅमिक चुंबकाच्या पट्टीच्या जागी आता अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे दांडे होते, आवाज जरा मोकळा झाला. पण हे दांडे तारेला जास्त ओढतात, म्हणून पिकअप आणखी खाली घ्यावे लागले. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, जाड तारेच्या बाजूला तार आणि पिकअपमधे तीन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फट. नट आणि पोटांनी पडला तेवढा मात्र हा फरक नव्हता.

मजुरी वडिलांनी दिली, घासाघीस न करता. जुने पिकअप मुलाने नेले नाहीत. सिरॅमिकचे, दणकट. मंडळाच्या एका बेंजोत बसवीन.

परवा त्याचा फोन आला. मित्राकडे हीच गिटार, हेच मॉडेल. शनिवारी घेऊन येतोय आणि मित्राने पिकअप आधीच मागवलेत. मी म्हटलं, पाकीट फोडू नका, परत करता येईल. तर म्हणे, "मी सांगितलं काका त्याला. तो म्हणतो, तुझ्यात टाकलेत ना? मग माझ्यातही टाका."

हाडाचा एक तुकडा आणि २५० ची तीन पोटं आणून ठेवली आहेत. पाकीट कपाटावर ठेवायचं की सरळ फोडायचं, ते शनिवारी बघू.