शेठ आधी विचारतात, लावायचंय कुठं

आमच्याकडे नळ गळायला लागला की घरात दोन पक्ष पडतात. नवरा आणि लेक एका पक्षात, त्यांचं म्हणणं मोबाईलवर मागवून टाक, दहा मिनिटात माणूस दारात. दुसऱ्या पक्षात मी एकटी. माझं म्हणणं, आधी वरचा कॉक बंद करा, नळ खोला, आतला फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, काढून पिशवीत टाका आणि हार्डवेअरच्या दुकानात जा. बहुतेक वेळा मीच जिंकते, कारण मोबाईलवर आख्खा नळ मिळतो, पण नळातलं पाच-दहा रुपयांचं रबर तेवढं एकच पाहिजे म्हटलं तर शोधत बसा.

मला ही दुकानं मनापासून आवडतात आणि असं म्हटलं की लोकांना वाटतं हिला जुन्या वस्तूंचं वेड आहे. तसं काही नाहीये. घरातला फ्लश आणि गिझर चालू पाहिजे आणि त्यासाठी फुकटचे पैसे जायला नकोत, इतकं साधं माझं गणित आहे.

जुनं दुकान म्हणजे कसलं ते सांगते. पुढे काउंटर, कडा लोखंड घासून घासून गुळगुळीत झालेल्या, मागे छतापर्यंत खण, आणि खणावर लेबल नाही तर आतली वस्तूच बाहेरून स्क्रूने लावलेली, म्हणजे बिजागरीच्या खणावर बिजागरी, कडीच्या खणावर कडी, मुठीच्या खणावर मूठ आणि तीच मूठ धरून खण ओढायचा. वर माळा, माळ्यावर एक पोरगा, खालून हाक गेली की तो बरोब्बर तेच पाकीट खाली टाकतो. कोपऱ्यात पाइप उभे, दारात घमेली, फावडी, टिकावाचे दांडे, काथ्याची दोरी. आणि प्लास्टिकचे मग का टांगलेले असतात देव जाणे, पण असतात, प्रत्येक दुकानात.

यात मुख्य वस्तू म्हणजे तो काउंटर. तुम्हाला आत जाऊन काही उचलता येत नाही, मागावं लागतं, आणि मागायचं म्हणजे सांगता आलं पाहिजे. "ते वरचं गोल असतं ना, त्याच्या आत फिरतं ते द्या" असं म्हणणारी माणसं मी ऐकलीत आणि शेठनी न हसता मागे हात घालून नेमकं ते काढून दिलेलंही बघितलंय. पण देण्याआधी प्रश्न येतात. लावायचंय कुठं? जुना पीस आणलाय? नळ फुल टर्न का क्वार्टर टर्न? पाणी कॉर्पोरेशनचं का बोअरचं?

हा शेवटचा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं हे उगीच चौकशी करतायत. पण त्याला अर्थ आहे. कॉर्पोरेशनचं म्हणजे खडकवासल्याचं पाणी तसं मऊ, आणि उपनगरात बोअरचं नाहीतर टँकरचं येतं ते जड, शिवाय कधीकधी बारीक रेती घेऊन येतं. हल्लीच्या पाव फेरीच्या नळात आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून फिरतात, त्यात रेती गेली की चरे पडतात आणि मग आतलं आख्खं कार्ट्रिज बदला. जुन्या पद्धतीच्या पितळी नळात साधं रबराचं वायसर असतं, खराब झालं की काढा, दुसरं बसवा. म्हणून आमच्या टँकरवाल्या सोसायटीत बाहेर लावायला शेठ महागडा नळ विकतच नाहीत, तो खोक्यात परत ठेवून साधा पितळी काढून देतात. कमी पैशाचा माल स्वतःहून पुढे करणारा दुकानदार, पुण्यात, हे विशेष आहे की नाही?

तसंच भिंतीचं. तुम्ही म्हणता चार स्क्रू आणि गिट्ट्या, म्हणजे भिंतीत स्क्रू धरून ठेवणारे प्लग, द्या, शेल्फ लावायचंय, की प्रश्न येतो भिंत कसली आहे. पेठेत माहेरच्या वाड्यात मातीत-चुन्यात बांधलेल्या जाड भिंती होत्या, तिथे प्लास्टिकची गिट्टी ठोकली की आजूबाजूची माती घेऊन बाहेर यायची, तिथे लाकडाची गुल्लीच लागायची, चांगली लांब. आरसीसीच्या कॉलमला हॅमर ड्रिल पाहिजे. आणि नव्या बिल्डिंगमध्ये सगळीकडे ते हलके राखाडी ब्लॉक, ज्याला पुण्यात कुठल्याही कंपनीचा असला तरी सिपोरेक्स म्हणतात, कारण ते तंत्र पुण्याचे बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्क्यांनी स्वीडनहून आणलं आणि सिपोरेक्स हे त्यांच्याच मालाचं नाव. त्या ब्लॉकमध्ये हवेची छिद्रं असतात, तिथे हॅमर लावला की भोक पसरट होतं आणि गिट्टी गोल गोल फिरत बसते. हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं आणि गिट्टी लांब घ्यायची. हे मला कोणत्या व्हिडिओने नाही सांगितलं, चार स्क्रू घ्यायला गेले होते तिथे फुकट कळलं.

पाइपाची तर वेगळीच गंमत. अर्धा इंची पाइप म्हणतात त्याच्यात अर्धा इंच कुठेच नसतो! जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, बाहेरून मोजला तर २१ मिलिमीटरच्या वर भरतो, आतून १६ च्या आसपास, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो कुठे गेला ते विचारू नका, ते नुसतं ठरलेलं नाव आहे. बरं, थंड पाण्याचा पांढरा प्लास्टिकचा यूपीव्हीसी पण बाहेरून तेवढाच, पण गरम पाण्याचा तो पिवळसर सीपीव्हीसी असतो त्याचा अर्धा इंची बाहेरून १६ मिलिमीटरसुद्धा भरत नाही, त्याचं मोजमाप तांब्याच्या नळीवरून आलंय. म्हणजे तिन्ही अर्धा इंची, पण पांढऱ्याचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, पिवळ्याला घातला तर खुळखुळतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ऑनलाइन पिशवीभर फिटिंग मागवली, सगळ्यांवर अर्धा इंच लिहिलेलं, आणि त्यातलं त्यांच्या गिझरच्या पाइपाला एकही बसेना. दुकानात गेले असते तर पहिला प्रश्न "थंड का गरम?" हाच आला असता. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापं आली तरी काउंटरवर अजून इंच आणि सूतच चालतात, आठ सुतांचा एक इंच, दहा मिलिमीटरची सळई मागायला गवंडी येतो तो "तीन सूत" म्हणूनच मागतो, आणि गोंधळ कुणाचाच होत नाही.

सुटं मिळणं हा तर माझा सगळ्यात आवडता भाग. चार स्क्रू पाहिजेत तर चार मिळतात. कागदाच्या पुडीत. खिळे-चुका वजनावर, दोर मीटरवर, पॉलिश पेपर एक पान. आमच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये पाकिटातले उरलेले स्क्रू इतके साठलेत की आता त्यांना ठेवायला डबा आणावा लागेल, आणि ती सगळी पाकिटं समोरच्या पक्षाने मागवलेली आहेत हे मी इथे नोंदवून ठेवते.

आणि सल्ला फुकट. टेबल फॅनचं पातं काढायचं होतं, पुढचा तो प्लास्टिकचा नट कितीही फिरवला तरी आणखीनच आवळत होता. नवीन नट घ्यायला गेले तर शेठ म्हणाले, "नट चांगला आहे ताई, उलट्या आट्याचा असतो तो, घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल." सुटला. त्या दिवशी त्यांचा धंदा शून्य.

आता फार कौतुक झालं, तक्रारी पण सांगते. एक म्हणजे बाई दुकानात आली की अजूनही "साहेब नाही आले?" नाहीतर "प्लंबरला पाठवा ना मॅडम" हे ऐकावं लागतं. मी हातात स्पिंडल धरून उभी आहे आणि हे मागच्या गवंड्याला विचारतायत काय पाहिजे! त्यावर उपाय एकच, वस्तूचं नाव नीट घ्यायचं. "अर्धा इंची बिब कॉक, पितळी, शॉर्ट बॉडी" असं एकदा म्हटलं की मॅडमची ताई होते आणि ताईचं काम पटकन होतं. दुसरं म्हणजे किंमत कुठे लिहिलेली नसते आणि प्लंबरबरोबर गेलात तर दर वेगळा लागू शकतो, कारण प्लंबरचं कमिशन त्यातच असतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तिसरं, परत घेताना तोंड वाकडं. इलेक्ट्रिकचा माल असेल तर परत घेतच नाहीत, आणि बिल मागितलं की "पक्कं पाहिजे?" असा प्रश्न येतो ज्याचं उत्तर खरं तर विचारायची गरजच नसावी. २०१७ ला जीएसटी आल्यावर काउंटरवर कॉम्प्युटर आले, पण त्यात लोखंडी स्क्रू, नट, बोल्ट, वायसर सगळं करासाठीच्या एकाच ७३१८ नंबरात जातं, त्यामुळे कुठला स्क्रू कुठल्या खणात हे अजून शेठच्या डोक्यातच आहे. दुपारच्या झोपेबद्दल मी काही बोलणार नाही, तो विषय पुण्यात बोलून संपलाय.

खरी मोठी दुकानं बघायची तर रविवार पेठेत बोहरी आळीत जावं. गाडी घेऊन जाऊ नका, चालायलाही जागा नसते, हातगाडी, टेम्पो आणि डोक्यावर पाइपांचा भारा घेतलेला माणूस एकाच वेळी समोरून येतात. दाऊदी बोहरी समाजाची कितीतरी दुकानं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शेठ आपसात त्यांच्या गुजरातीसारख्या बोलीत बोलतात आणि आपल्याशी अस्सल पेठी मराठीत. घराजवळच्या दुकानात सगळं थोडं थोडं असतं, इथे एकेक दुकान एकेका गोष्टीत मुरलेलं. लाइटचं सामान पाहिजे तर मात्र इथून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जायचं, आणि दोन्ही एका फेरीत उरकू म्हणाल तर हातात पिशव्या किती येतील त्याचा विचार आधी करा.

अशा दुकानात सगळ्यात भारी काय असेल तर न खपणारा माल. स्टोव्हच्या पिना, पितळी बर्नर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, काळी बॅकेलाइटची बटणं, सागवानी खिडकीला लागणारा पितळी आकडा. हिशेबनीस याला डेड स्टॉक म्हणतो आणि काढून टाका म्हणतो, गोदामातून माल पाठवणाऱ्या कंपन्या तर जे फिरत नाही ते ठेवतच नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण माझ्या आईकडे कपाटाची एक बिजागरी तुटली तेव्हा तसलीच बिजागरी माळ्यावरून निघाली, धूळ झटकून. ती निघाली नसती तर दाराच्या सगळ्याच बदला, नवीन मापाची भोकं पाडा, मग दार सुतार घेऊन जाणार आणि ते परत येणार कधी हे विचारायचं नाही. कुणी कधीकाळी घेऊन ठेवलेल्या आणि न विकल्या गेलेल्या मालावर आपली जुनी घरं चालतात, त्या मालाचं भाडं शेठ भरतात.

आणि हेच आता अवघड होत चाललंय. पोरं धंद्यात येत नाहीत वगैरे सगळे म्हणतात, तेही असेल, पण मला जास्त अडचण जागेची दिसते. वाडा पाडून बिल्डिंग झाली की जुन्या भाडेकरूला खाली काचेचा दर्शनी गाळा मिळतो, छान टाइल्सवाला. त्यात माळा नसतो. जीआय पाइप सहा मीटरचा येतो, म्हणजे जवळपास वीस फूट, तो त्या गाळ्यात ठेवायचा कुठे? मग पाइप जातात, सळया जातात, खण जातात, आणि त्या जागी भिंतीवर चकचकीत शॉवर आणि बेसिन टांगून शोरूम होतं. शोरूममधला मुलगा नम्र असतो, पाणीसुद्धा विचारतो, पण वायसर मागितलं तर म्हणतो मॅम आम्ही स्पेअर ठेवत नाही.

जायचं असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, तेव्हा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन कामावर निघायच्या आधी माल घ्यायला आलेले असतात, सगळा खात्यावरचा धंदा त्यांचा, आपल्या बारा रुपयांच्या गिऱ्हाइकीकडे कोण बघणार. साडेअकराच्या सुमाराला बरं. जुना पीस सोबत न्या. फोटो दाखवायचा असेल तर शेजारी पट्टी ठेवून काढा, नुसत्या फोटोत सगळे स्क्रू सारखेच दिसतात. आणि बोहरी आळीत जाणार असाल तर आधी मोहरम कधी आहे ते बघा, पहिल्या दहा दिवसांत त्यांची प्रवचनं असतात आणि बरीच दुकानं बंद, आणि त्यांचं कॅलेंडर हिशेबाने ठरलेलं असल्यामुळे त्यांचा मोहरम आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा एक-दोन दिवस आधीच सुरू होतो.