फ्रेंच सिगारपेटी आणि धुळ्याचा उन्हाळा

सिगार मी ओढत नाही, आमच्याकडे कुणीच ओढत नाही, तरी शोकेसमध्ये एक जुनी फ्रेंच सिगारपेटी आहे आणि येणारा पाहुणा टीव्ही सोडून आधी तिच्याकडे बघतो. मेहुण्याने पॅरिसला लागून असलेल्या सेंट-उआँच्या जुन्या बाजारातून आणली. आजीने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणे, "हाई काय कामनं शे बेटा?" आता काय सांगणार!

पण काम बघा ना. अशा पेट्या सगळ्यात जास्त गाजल्या त्या फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या काळात, म्हणजे १८५२ ते १८७०. क्युबातल्या हवानाची सिगार तेव्हा पैसेवाल्यांची शान, जेवणं झाली की पाहुण्यांसमोर पेटी यायची. काहींची तर नुसती दारं उघडली की आतले ट्रे आपोआप पुढे सरकतात आणि एकेक सिगार आपापल्या भोकात उभी दिसते, म्हणजे दिखावा आधी, साठवण नंतर. आजच्या ह्युमिडॉरसारखी, म्हणजे सिगार ताज्या ठेवणाऱ्या पेटीसारखी, आत ओलावा टिकवायची सोय बहुतेकात नसतेच. ताहान नावाचा पॅरिसचा कारागीर तर थेट सम्राटाला माल पुरवायचा, त्याचं नाव कुलपाच्या पट्टीवर कोरलेलं सापडलं की भाव वेगळाच.

बाहेरून दिसतं ते रोझवूड, म्हणजे आपल्या शिसवच्याच जातकुळीतलं, पण ते नुसतं वरचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आतला सांगाडा ओक नाहीतर साध्या लाकडाचा. वर पितळेची नक्षी. काही पेट्यांवर सोबत कासवाचं कवचही असतं, तिथे पितळ आणि कवच एकावर एक ठेवून एकाच वेळी करवतीने कापायचे, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बरोब्बर बसतो. ही पद्धत गाजवली आंद्रे-शार्ल बूल या फर्निचर कारागिराने, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात, आणि दीडेकशे वर्षांनी तिची फॅशन परत आली.

आणि इथेच आपलं धुळं आडवं येतं. लाकूड कोरड्या हवेत आकसतं, पितळ तसं आकसत नाही. मे महिन्यात हवा पार कोरडीठक्क, खालचं लाकूड लहान होतं, वरची पितळी पट्टी तेवढीच राहते, मग ती जाणार कुठे, मधून फुगून वर येते. त्यात जुना सरस, तो जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेला, वाळला की ठिसूळ. बरं, उपाय म्हणून पेटी कूलरसमोर ठेवली तर अजून वाईट, दिवसा दमट, रात्री कूलर बंद की परत कोरडं, हे वरखाली होणंच लाकडाला जास्त मारतं. आमची पेटी आतल्या खोलीच्या भिंतीला, उन्हापासून आणि कूलरपासून लांब. पट्टी सुटलीच तर मिस्त्रीला निक्षून सांगायचं, भाऊ, फेव्हिकॉल नको, गरम सरसच लाव. सरस ऊब आणि ओलाव्याने परत सुटतो, पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते, फेव्हिकॉलवाला जोड सोडवताना विनिअरच फाटायची भीती. आणि पॉलिश लाखेचं असेल तर सॅनिटायझरचा हात लावू देऊ नका, स्पिरिटने लाख विरघळते, पांढरा डाग पडलाच समजा. कोरडं मऊ फडकं बस.

घेणाऱ्यांना एकच सांगेन, समोरचा फोटो बघून भुलू नका. झाकण उघडं, बिजागरी, तळ, कुलूप, सगळ्यांचे फोटो मागवा. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं की उचललेली जागा लगेच कळते, फोटोत कळत नाही. छोटे ओरखडे, उडालेला तुकडा चालेल की, दीडशे वर्षांची वस्तू आहे. एकदम गुळगुळीत चकचकीत दिसली तर मला उलट शंका येते, घासून नवं पॉलिश मारलेलं असतं आणि विनिअर तिथेच पातळ झालेलं असतं. कासवाचं कवच असलेली मात्र सरळ सोडून द्या, ते समुद्री कासवाचं असतं, आपल्या वन्यजीव कायद्यात त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, कितीही जुनं असो, फुकटचं लफडं कशाला. शिंपला-पितळवाल्या पेट्याही काही कमी देखण्या नसतात.

आमचीची किल्ली नाहीये, ती आली तेव्हापासूनच. आग्रा रोडला एकाला कुलूप दाखवलं तर तो म्हणे याला पोकळ दांड्याची किल्ली लागते, घडवून बघतो. बघू काय करतो ते.