पायांचा आवाज

सिंफनीचा तिसरा भाग सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात हेडफोनमध्ये तळाशी धप्, धप् असा आवाज यायला लागला. टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातले मोठे नगारे, नव्हेत. टिंपनीला स्वर असतो, कातड्याचा ताण ऐकू येतो. हा आवाज बिनस्वराचा, जाड आणि जरा विस्कटलेला होता. मी मुद्रणाचा टेक थांबवला नाही. सगळा वाद्यवृंद रंगात आलेला असताना मध्येच लाल दिवा लावणं फार महागात पडतं, त्यातून वाजवणारे हौशी असतील तर जास्तच. गेलेला रंग परत यायला अर्धा तास जातो. कागदावर वेळ टिपली आणि ऐकत राहिले.

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. पुण्यात शिकले, आता उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावर, साप्पोरोतल्या एका लहानशा कंपनीत आहे. त्या फेब्रुवारीत आम्ही होक्काइदोच्याच तोकाची भागात, ओबिहिरो शहराजवळच्या एका सभागृहात आलो होतो. बाहेर उणे अठरा. तिथल्या नागरी वाद्यवृंदाला आपल्या वर्धापनदिनासाठी सीडी काढायची होती. जपानमध्ये असे हौशी वाद्यवृंद गावोगावी असतात. या वृंदात शाळेतले शिक्षक होते, गुरांचे डॉक्टर होते, शेती सहकारी संस्थेतले कारकून होते, बटाटा आणि साखरेचं बीट पिकवणारे शेतकरीही होते. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, त्यामुळे तालमींना हजेरी भरपूर.

सकाळी तोयामा युझो यांची ‘वाद्यवृंदासाठी रॅप्सडी’, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, करून घेतली. 1960 साली जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा एनएचके सिंफनी ऑर्केस्ट्रा जगाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्या दौऱ्यासाठी लिहिलेली ही सात-आठ मिनिटांची रचना. मुलींच्या चेंडूच्या खेळातलं गाणं, होक्काइदोच्या हेरिंग पकडणाऱ्या कोळ्यांचं ‘सोरान बुशी’, क्यूशूतल्या खाणकामगारांचं ‘तान्को बुशी’ एकावर एक चढत जातं. मग बासरीवर शिनानो भागातलं घोडेवाल्यांचं संथ गाणं येतं आणि शेवटी ‘यागी बुशी’चा धुमाकूळ. आमच्या दृष्टीने त्यातली खरी अडचण ह्योशिगी, म्हणजे काबुकी नाटकात आणि सुमो कुस्तीत वाजतात ते लाकडाचे दोन ठोकळे. त्यांचा आवाज इतका टोकदार असतो की त्यांच्यासाठी मुद्रणाची पातळी खाली ठेवली तर बासरीचं एकटं गाणं अगदी तळाला जातं. वाजवणाऱ्याला दोन पावलं मागे आणि थोडं तिरकं उभं केलं, आणि प्रश्न सुटला. ही रचना लोकांना आवडते, मलाही आवडते. पण या गावात मंडळी जमली होती ती दुपारच्या कामासाठी.

दुपारी होती इफुकुबे आकिरा यांची ‘सिंफोनिया तापकारा’.

इफुकुबे म्हटलं की लोकांना ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला, आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. त्या चित्रपटाचं संगीत त्यांचंच. त्या राक्षसाची डरकाळी कशी केली हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं. डबल बेसच्या ढिल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढायचा, तो आवाज ध्वनिफितीवर घ्यायचा आणि वेग कमी करून वाजवायचा. पण ‘गोजिरा’ आला त्याच 1954 साली त्यांनी ही सिंफनी पुरी केली, आणि तिची मुळं तोकाचीत आहेत. 1914 साली कुशिरोत जन्मलेल्या इफुकुबेंचं बालपण ओतोफुके गावात गेलं. वडील तिथले गावप्रमुख. ओबिहिरोहून तोकाची नदी ओलांडली की ओतोफुके. आसपास होक्काइदोच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांची वस्ती होती. त्यांची गाणी, नाच, त्यांचं देवांशी बोलणं त्या मुलाने जवळून पाहिलं. पुढे तो संगीतशाळेत गेलाच नाही. वनशास्त्र शिकला, आक्केशीच्या जंगलात वनखात्याची नोकरी केली आणि स्वतःच्या स्वतः शिकत लिहीत राहिला. 1935 साली त्यांच्या ‘जपानी रॅप्सडी’ला रशियन संगीतकार चेरेप्निन यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. निवाडा पॅरिसमध्ये झाला होता. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये फाबिअन सेवित्स्की यांनी ती वाजवून घेतली. ‘तापकारा’चा पहिला प्रयोगही त्याच सेवित्स्कींनी 1955 साली इंडियानापोलिसला केला. आज सगळीकडे वाजते ती 1979 ची सुधारलेली आवृत्ती. ती पहिल्यांदा वाजवली 1980 साली तोक्योच्या शिन्कोक्योगाकुदान या हौशी वाद्यवृंदाने, इफुकुबेंचेच शिष्य आकुतागावा यासुशी यांच्या हाताखाली. आमच्या वादकांना ही गोष्ट तोंडपाठ होती. व्यावसायिकांच्या आधी आपल्यासारख्यांनी ही आवृत्ती वाजवली, असं ते मान ताठ करून सांगत.

तापकारा हा ऐनूंचा पाय आपटत करायचा नाच. सिंफनीत लांबलचक सुरावटी विणण्यापेक्षा एक लहानसा तुकडा पकडून तो पुन्हा पुन्हा, आणखी पुन्हा म्हणत राहण्यावर भर आहे. ज्यांना युरोपीय सिंफनीची सवय आहे त्यांना वाटतं, आता पुढे कधी जाणार? ते पुढे जात नाही, खाली जातं. तिसऱ्या भागात तर हा ठेका असा काही पकड घेतो की बसून ऐकणं अवघड होतं. मी हे काम मागून घेतलं ते याचसाठी.

टेक संपला. मी एकेक माइक वेगळा करून ऐकला. मुख्य माइक, म्हणजे वाद्यवृंदासमोर उंचावर टांगलेले तीन ऑम्नी (सगळ्या दिशांनी आवाज घेणारे माइक), हे अगदी खालच्या आवाजांना फार हळवे असतात. त्यांच्यात धप्‌धप् होतीच. डबल बेसजवळच्या माइकमध्ये सर्वांत जास्त होती. व्हायोलिनच्या बाजूला नाहीच म्हणावी इतकी. आमच्या वरिष्ठांचा संशय गरम पाण्याच्या नळांवर गेला, कारण जुन्या इमारतींत ते ठोकल्यासारखे वाजतात. पण नळ ठेका धरत नाहीत. हा आवाज ठेक्यात होता.

मग एकच प्रश्न उरला. लाकडी फरशीतून स्टँडमधून वर चढतोय, की हवेतून येतोय? फरशीतून येत असेल तर उपाय सोपा असतो. बेसच्या माइकच्या स्टँडखाली रबराचे जाड तुकडे सरकवले आणि फक्त तंतुवाद्यांना तो उतारा पुन्हा वाजवायला सांगितला. आवाज थोडा पातळ झाला, गेला नाही. म्हणजे हवेतूनही येत होता. तेव्हा मी रंगमंचाच्या कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं.

पाय. बेसवाले आणि त्यांच्या पुढच्या रांगेतले चेलोवाले, दोन्ही रांगा पाय आपटत होत्या. बेस ज्यावर उभे होते ते प्लायवुडचे चौथरे आतून पोकळ, ढोलासारखे. कडेच्या बेसवर एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांची दुभत्या गाईंची डेअरी आहे. त्यांच्या पायांत जाड तळव्याचे हिवाळी बूट. त्यांचा उजवा पाय तर टाचेसकट वर उचलला जाऊन खाली पडत होता. विशेष म्हणजे त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते ओशाळले आणि सुमिमासेन, सुमिमासेन (माफ करा, माफ करा) म्हणत खाली वाकले.

मला ते आवाज ऐकल्यावर आळंदीच्या रस्त्यावर मुद्रित केलेली दिंडीची पावली आठवली. शंभर पाय कधी एका क्षणी पडत नाहीत. कुणी किंचित आधी, कुणी किंचित नंतर. त्या मागेपुढेपणामुळेच आवाज रुंद होतो, आणि मृदंगाला बसायला जागा मिळते. इथेही तसंच होतं. पाय ठेक्याला धरून होते, पण यंत्रासारखे नव्हते.

वाद्यवृंदाच्या सचिवांना मात्र काळजी पडली. त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. पैसे सगळ्यांनी वर्गणीने काढलेले, सीडी शाळांना आणि ग्रंथालयांना जाणार, ऐकणाऱ्याला वाटेल की मुद्रणात दोष आहे. चर्चा झाली आणि जपानी पद्धतीचा उपाय निघाला. बूट काढा. बेस आणि चेलोच्या रांगा मोज्यांवर बसल्या, उभ्या राहिल्या, आणि आम्ही तिसरा भाग पुन्हा घेतला.

टेक स्वच्छ आला. तळाशी काही नाही. सुरांची जुळणी उलट जास्तच नेटकी. वरिष्ठांनी मान डोलावली. पण ठेका मागे रेलला होता. वेग तोच होता, घड्याळ लावून पाहिलं तरी फरक नगण्य. तरीही प्रत्येक आघात जरासा विचार करून पडत होता. शेवटाकडे जिथे सगळा वृंद एकाच तुकड्यावर घाव घालत राहतो, तिथे तर तो थकल्यासारखा वाटत होता. वाद्यवृंदाच्या निर्देशकांनी ऐकण्याच्या खोलीत येऊन दोन्ही टेक ऐकले, डोळे मिटून. मग त्या डेअरीवाल्या आजोबांना बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटलं? ते म्हणाले, “पाय गप्प ठेवला की हात उशिरा पोचतो.”

याच सुट्टीत दुसऱ्या व्हायोलिनच्या गटातल्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांची आजी ऐनू. त्या स्वतः इथल्या ऐनू नाच जपणाऱ्या मंडळात जातात. मला अर्थातच विचारायचं होतं की हे पाय ऐकून त्यांना काय वाटतं. त्या लगेच हो-नाही म्हणाल्या नाहीत. आजीच्या गोष्टी सांगू लागल्या. ऐनूंच्या वीरगाथा सांगताना सांगणारा लाकडी काठीने चुलीच्या कडेवर ठेका धरतो, ऐकणारेही धरतात. देवांच्या गाथांत देव स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. गाव राखणारा घुबडदेव आपलीच कहाणी सांगतो, आणि प्रत्येक गाथेचं आपलं असं पालुपद असतं, ते पुन्हा पुन्हा येत राहतं. अशा तेरा गाथा चिरी युकिए या ऐनू मुलीने जपानी अनुवादासह लिहून काढल्या. ते पुस्तक 1923 साली छापलं गेलं, तेव्हा ती हयात नव्हती. एकोणिसाव्या वर्षीच गेली होती. इफुकुबे तेव्हा नऊ वर्षांचे असतील.

“आणि तापकारा?” मी विचारलं.

“आमच्याकडे हे म्हातारे पुरुष करायचे,” त्या म्हणाल्या. “घाई नसायची. पाय जोरात पडायचा, भरभर नाही. हा तिसरा भाग फार वेगात जातो. एवढ्या वेगात आमचे आजोबा पडले असते.” त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “हे आमचं नाही. पण लहानपणी आमच्याकडे नीट पाहिलेल्या माणसाचं आहे. तेवढं ऐकू येतं.”

मला हे फार पटलं. अशा संगीताबद्दल बोलताना आपण फार पटकन म्हणून टाकतो की यात अमुक प्रांताचा आत्मा आहे. इफुकुबेंनी पाहिलं ते एका समाजाचं जगणं. त्या समाजाला जपानच्या कायद्याने मूळ रहिवासी म्हणायला 2019 साल उजाडलं. त्या मुलाच्या आठवणीत जे उरलं त्याची चाळीसाव्या वर्षी त्याने सिंफनी केली. ती ऐनूंच्या नाचाची नोंद नाही, आणि तशी समजून वाजवली तर दोघांवरही अन्याय होतो. पण ती आठवण अंगात होती, डोक्यात नव्हे. म्हणूनच ती वाजवणाऱ्याच्याही अंगात शिरते आणि पाय हलतो.

निर्देशकांनी ठरवलं, बूट घाला. मी एक अट घातली. बेसचे चौथरे काढून टाकायचे आणि सगळ्यांनी सरळ रंगमंचाच्या फरशीवर उभं राहायचं. पोकळ लाकडाचा ढोल गेला की पायांचा आवाज पायांइतकाच राहतो. तसंच केलं. बेसचा माइक थोडा वर घेतला. शेवटचा टेक आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग घेतला, आणि सीडीवर तोच आहे. दुसऱ्या संथ भागात मी गरम हवेच्या घरघरीसाठी अगदी खालचे आवाज छाटले. तिसऱ्यात छाटणी लावलीच नाही. लहान स्पीकरवर ऐकाल तर तिथे काहीच कळणार नाही. चांगल्या हेडफोनवर मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उजवीकडे, बेसच्या खाली, ते पाय स्पष्ट आहेत.

सचिवांचं समाधान व्हावं म्हणून माहितीपत्रकात एक ओळ टाकायचं ठरलं. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं होतं की तिसऱ्या भागात ऐनू नृत्याचा पदाघात ऐकू येईल. मसुदा सगळ्यांच्या हातून फिरला. दुसऱ्या व्हायोलिनच्या बाईंनी ती ओळ पेन्सिलीने खोडली आणि शेजारी लिहिलं: या भागात ऐकू येणारे पाय आमच्या वादकांचे आहेत. तसंच छापलं गेलं.