पंप कोणता घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी बिअर करायला लागलेला कुणीही भेटला की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच, पंप कोणता घेऊ, मिनिटाला किती लिटरचा घेऊ. लिटरचं खरंच एवढं मनावर घेऊ नका. वीस-पंचवीस लिटरच्या बॅचला छोटासा पंपसुद्धा भरपूर होतो, आणि मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य, त्यातला द्रव फिरवताना तर उलट वेग कमीच ठेवावा लागतो, कारण जोरात ओढलं की धान्याचा थर खाली दाबून घट्ट बसतो आणि वॉर्ट, म्हणजे धान्याचा गोड अर्क, खाली यायचंच थांबतं.

मी आधी विचारतो, पंप ठेवणार कुठे?

कारण आपल्या कामाला बहुतेक जण वापरतात तो मॅग्नेटिक ड्राइव्हचा सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे आतलं पात्यांचं चाक (इंपेलर) गरगर फिरवून द्रव बाहेर ढकलणारा, आणि तो स्वतःहून पाणी ओढून घेत नाही, त्याला आधी भरून द्यावं लागतं. मी पहिल्यांदा पंप टेबलावर ठेवला होता, केटलच्या, म्हणजे वॉर्ट उकळायच्या भांड्याच्या, नळाच्या जवळपास बरोबरीला, आणि पाइपाला वर एक कमान आलेली. मोटर मस्त फिरतेय, आवाज येतोय, पण वॉर्ट काही हलेना, नीट बघितलं तर त्या सिलिकॉनच्या पाइपात कमानीच्या टोकाला बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा तसाच बसलेला. पंप खाली जमिनीलगत घेतला, पाइप सरळ उतरता केला, पुढचं कनेक्शन जरा सैल करून हवा जाऊ दिली आणि लगेच उचललं त्याने. तेव्हापासून हेडचं, म्हणजे पंपाच्या ज्या भागातून द्रव जातो त्याचं, आत येणारं तोंड खाली आणि बाहेर जाणारं वर असंच बसवतो, म्हणजे हवा आपोआप वर निघून जाते.

आणि व्हॉल्व्ह लावायचा तो बाहेर जाणाऱ्या बाजूला, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. आत येणारी बाजू आवळली की तिथलं प्रेशर पडतं, आणि उकळीजवळच्या वॉर्टला तेवढंच निमित्त पुरतं, ते पंपातच उकळायला लागतं, मग खडे घोळल्यासारखा आवाज येतो आणि प्रवाह तुटतो. बाहेर जाणारी बाजू आवळलेली चालते, या पंपात मोटर आणि इंपेलर चुंबकाने जोडलेले असतात, मधे शाफ्टचं सील नसतं, म्हणून थोडा वेळ पूर्ण बंद केलं तरी बिघडत नाही. कोरडा मात्र चालवू नका, आतली झीज तिथेच होते.

हेड स्टेनलेसचं की प्लास्टिकचं? पॉलिसल्फोन या प्लास्टिकचं हेड उकळतं वॉर्ट आरामात सोसतं. पण थ्रेडवर पाना जोरात फिरवलात तर ते तडकू शकतं, स्टेनलेसला ती धास्ती नाही, म्हणून पैसे असतील तर मी स्टेनलेस घ्या म्हणेन. मत्स्यटाकीचा पंप आणू नका, तो गरम द्रवासाठी बनवलेलाच नसतो.

पेरिस्टाल्टिकचं, म्हणजे रोलरने पाइप दाबत द्रव पुढे सरकवणाऱ्या पंपाचं, विचारता, तर तो चांगला आहे, द्रव फक्त पाइपाला लागतो, हवाही खुशाल ओढतो, पण चाल हळू आणि पाइप झिजतो, बदलत राहावा लागतो. डायफ्रामवाला, म्हणजे लवचिक पडदा मागेपुढे हलवणारा, पण स्वतः ओढतो, त्याचा प्रवाह मात्र धक्क्याधक्क्याने येतो, त्यामुळे मॅशसाठी मला तो आवडत नाही.

आणखी एक, घेताना हेड किती स्क्रूंनी उघडतं ते बघाच, कारण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आत अडकतो, दरवेळी गरम पाणी आणि क्लीनर फिरवून झालं तरी अधूनमधून ते उघडावं लागतं, मी उघडतो तेव्हा इंपेलरच्या मागे हिरवट गाळाची एक पातळ चकती हमखास निघते. आणि मोटर ठिबकणाऱ्या नळाच्या बरोबर खाली ठेवू नका, वर एखादं झाकण करा, लाइनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवाच.