माजघरातला ध्वनिसंच : पावसाळ्यापूर्वीची नोंद

अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी स्पीकर ठरवावा आणि स्पीकरच्याही आधी आपण प्रत्यक्षात काय ऐकतो ते ठरवावे, हे सूत्र मागील नोंदीत मांडले होते. या नोंदीत त्यानुसार झालेली निवड लिहीत आहे. माझ्या ऐकण्यात ख्यालगायन, नाट्यपदांची जुनी ध्वनिमुद्रणे आणि आमच्या सिंधुदुर्गातली डबलबारी भजने (दोन भजनी मंडळांची समोरासमोरची जुगलबंदी) एवढेच येते. खिडक्यांची तावदाने हादरवणारा बास ही त्यामुळे माझी गरज नव्हती. गळा खरा वाटला पाहिजे, ही पहिली अट होती.

गायकाच्या आवाजातील मूळ स्वर साधारणपणे 80 ते 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात येतात, तर शब्दांची स्पष्टता बरीचशी 2000 ते 4000 हर्ट्झवर अवलंबून असते, आणि नेमका तेथेच आपला कान सर्वांत तिखट असतो. दोन ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या घटकांच्या) बहुतेक स्पीकरमध्ये खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरकडून वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे आवाज सोपवला जातो तोही याच सुमारास. हा सांधा तपासण्यासाठी तानपुऱ्यासारखे दुसरे साधन नाही. जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच स्पर्शत थरथरल्यामुळे, उठणारी स्वरांशांची (मूळ स्वरावरच्या उपस्वरांची) रांग दोन्ही ड्रायव्हरमधून जाते. सांधा नीट नसेल तर तारेचा गाभा एका जागेवरून आणि झंकार दुसऱ्या जागेवरून येतो. बीबीसीने 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत वापरण्यासाठी घडवलेला एलएस3/5ए हा छोटा स्पीकर खर्जात तोकडा असूनही आजवर नावाजला जातो, तो मानवी आवाजाशी प्रामाणिक राहिल्यामुळेच. मी निवडलेली जोडी त्याच वळणाची आहे : पाच इंची वूफर, रेशमी घुमटाचा ट्वीटर आणि बंद पेटी.

ट्वीटरचा निर्णय नाट्यपदांनी केला. कोल्हापूरच्या दुकानात धातूच्या घुमटाची एक जोडी नव्या ध्वनिमुद्रणांवर फार झळाळून वाजली, पण जुनी तबकडी लावताच खरखर पुढे आली आणि गायक मागे गेला. विद्युत पद्धतीचे ध्वनिमुद्रण 1925 मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या, कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या तबकड्यांत वरच्या पट्टीत संगीत जवळजवळ नसतेच, त्यामुळे तेथे स्पीकर जेवढा उजळ तेवढी नुसती खरखर अधिक. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या 1958 पासून, म्हणून ही सारी पदे मोनो आहेत आणि मांडणी तपासायला तीच उत्तम : आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका माणसाएवढ्या रुंदीचा उभा राहिला पाहिजे.

खोली म्हणजे वेंगुर्ल्याच्या घरातले माजघर, बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर अर्धी ध्वनिलहर भिंतींमध्ये नेमकी बसत असल्याने लांबीमुळे 47 हर्ट्झच्या आणि रुंदीमुळे 56 हर्ट्झच्या आसपास आवाज फुगणार, हे कागदावरच दिसते. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती जरासुद्धा लवत नसल्याने खर्ज आतच कोंडतो. उतरत्या कौलांमुळे वरून येणारा प्रतिध्वनी मात्र सौम्य आहे. टाळी वाजवल्यावर समोरासमोरच्या भिंतींत उमटणारी ठणठण, एका भिंतीवर जाड गोधडी टांगल्यावर आणि खाली सतरंजी अंथरल्यावर थांबली.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) 86 डेसिबल आहे, मी अडीच मीटरवर बसतो, आणि एवढ्या अंतरावर रोजच्या ऐकण्याला एक वॅटही लागत नाही. अचानक येणाऱ्या थापांची तरतूद धरूनही 30 वॅट पुरेसे आहेत.

डबलबारीची परीक्षा घेण्यासाठी वाडीतल्या पखवाजवादक काकांना बोलावले होते. डोळे मिटून एक गजर ऐकल्यावर ते म्हणाले, “शाई आयकाक येता रे, पण कणीक खंय?” पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई असते आणि डाव्या धुमावर ओली कणीक लावून आवाज खाली उतरवतात, तो उतरलेला भागच पाच इंची वूफरमध्ये पातळ होत होता. स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर होते, ते एका फुटावर आणल्यावर भिंतीच्या आधाराने धूम बऱ्यापैकी भरला आणि गळाही बिघडला नाही. काकांनी मान डोलावली, पण अर्धीच.

किनाऱ्यावरच्या घरात खरेदी करताना आवाजाइतकेच टिकाऊपणाकडे पाहावे लागते. वूफरच्या कडेला फोम असेल तर आपल्या दमट हवेत त्याचा भुगा लवकर होतो, म्हणून कड रबराचीच घेतली. एमडीएफच्या (लाकडी तंतूंच्या दाबीव फळ्यांच्या) पेट्या जमिनीची ओल धरून फुगतात, त्यामुळे त्या सागवानी घडवंचीवर ठेवल्या आहेत. तांब्याच्या तारांची टोके खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडली की ती कापून नव्याने सोलतो. वळवाचा पाऊस गडगडू लागला की प्लग थेट भिंतीतून काढतो. विजेच्या बाबतीत नुसत्या बटणावर विसंबू नये. आषाढात कौलांवरच्या पावसापुढे विलंबित आलाप स्पीकरवर टिकत नाही, त्या दिवसांसाठी बंद कपांचा हेडफोन घेतला आहे.

उरला प्रश्न काकांच्या अर्ध्या मानेचा. बंद पेटीचा लहान सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) 70 हर्ट्झच्या खाली जोडून पाहायचा विचार आहे. मात्र खोली 47 आणि 56 हर्ट्झवर आधीच फुगत असल्याने तो कोपऱ्यात न ठेवता भिंतीच्या मध्याजवळ ठेवून सुरुवात करीन. चतुर्थीच्या भजनांतून काका मोकळे झाले की ही चाचणी होईल.